मालकी न सांगता राखलेला किनारा
(प्रस्तावना)

1819 च्या फेब्रुवारीत सर विल्यम ग्रँट केर हा इंग्रज सेनापती सावंतवाडीच्या मुलखात होता. रेडीचा यशवंतगड त्याने घेतला, तिथून तो कच्छात भूजवर गेला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबई बंदरातून सुमारे 3000 फौज घेऊन इराण आणि अरबस्तान यांच्यामधल्या आखातात शिरला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रास अल-खैमा पडले. याच बंदरावर दहा वर्षांपूर्वी मुंबईहून एक मोहीम गेली होती. तिच्या लष्कराचा म्होरक्या लायोनेल स्मिथ मराठी वाचकाला वेगळ्याच ठिकाणी भेटलेला असतो: 1818 च्या फेब्रुवारीत, अष्टीच्या रणात, बापू गोखल्यांच्या समोर. पेशवाई बुडाल्यावर 1821 मध्ये त्यालाच पुन्हा समुद्रापार, ओमानातल्या बनी बू अली टोळीवर धाडले गेले. केरची मोहीम निघाली तेव्हा मुंबईच्या गव्हर्नराच्या खुर्चीत नुकताच येऊन बसला होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, तोवर दख्खनच्या नव्या मुलखाची व्यवस्था लावण्यात गुंतलेला.

माणसे तीच होती, गलबतेही एकाच गोदीतली. आणि करार लिहिण्याची पद्धतही तीच: आधी तोफा, मग तह, मग तहाच्या कलमांची हळूहळू वाढत जाणारी शेपटी. असे असताना पुढे जे घडले ते इतके निराळे कसे? सातारा 1848 मध्ये खालसा झाले. कोल्हापूर आणि सावंतवाडी टिकली, पण स्वातंत्र्यानंतर वर्ष-दोन वर्षांत विलीन झाली. उलट शारजा, दुबई, बहरीन, कतार, कुवेत ही सावंतवाडीपेक्षा कितीतरी गरीब, काही तर मातीच्या एका गढीपुरती आणि शे-दोनशे होड्यांपुरती असलेली शेखांची ठाणी आज राष्ट्रसंघाच्या सभागृहात स्वतःच्या किंवा आपल्या संघाच्या पाटीमागे बसतात. या पुस्तकाचा विषय हा फरक आहे. तेल सापडले म्हणून, हे त्याचे नेहमीचे उत्तर. ते मला पुरेसे वाटत नाही. तेल निघायच्या आधीच, 1820 ते 1914 या काळात, या किनाऱ्याच्या मालकीचा प्रश्न असा काही अडकून पडला होता की कोणत्याही एका साम्राज्याला तो गिळता येऊ नये. तेलाने त्या अडकलेल्या प्रश्नाला किंमत आणली, एवढेच.

सुरुवात चाचेगिरीपासून करावी लागते, कारण मुंबई सरकारच्या दप्तरात या किनाऱ्याची ओळखच 'चाच्यांचा किनारा' अशी नोंदलेली आहे. आंग्र्यांना, मालवणकरांना, वाडीकरांना हाच शिक्का मिळाला होता. 1812 मध्ये चाचेगिरीच्याच कारणावरून कोल्हापूरकरांकडून मालवण घेतले गेले. तेव्हा मराठी वाचकाला या शिक्क्याकडे संशयाने पाहायला कोणी शिकवण्याची गरज नाही. रास अल-खैमा आणि शारजाचे कवासिम हे दर्यावर्दी आणि व्यापारी होते. आखाताच्या तोंडाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांकडून पट्टी घेणे हा ते आपला हक्क समजत. त्यांचा खरा हाडवैरी होता मस्कतचा सुलतान, आणि तो होता इंग्रजांचा दोस्त. या दोस्तीचा पहिला कागद 1798 चा कौलनामा. नेपोलियन इजिप्तमध्ये उतरलेला असताना फ्रेंचांना मस्कतमध्ये पाय ठेवू न देण्यासाठी तो झाला होता. म्हणजे या किनाऱ्याशी इंग्रजांचा पहिला लेखी संबंधच मुळात तिसऱ्याला दूर ठेवण्यासाठी जुळला. पुढचे सव्वाशे वर्षांचे राजकारण या एका कागदात बीजरूपाने आहे.

शारजाचे शासक सुलतान बिन मुहम्मद अल-कासिमी यांनी 1986 मध्ये इंग्रजीत एक पुस्तक लिहून अरब चाचेगिरी ही ईस्ट इंडिया कंपनीने रचलेली दंतकथा आहे असे प्रतिपादन केले. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो मुंबईच्या पुराभिलेखागारातल्या कागदांचा, म्हणजे काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत असलेल्या दप्तराचा. आपल्याच पूर्वजांवर आरोप ठेवणाऱ्या सरकारचे दप्तर वापरून एका राजाने आरोपपत्र उलटे फिरवावे, ही घटना मला फार आवडते. त्यांचे सगळे म्हणणे मात्र मी स्वीकारलेले नाही. चार्ल्स डेव्हिस यांच्यासारख्या नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले आहे की गलबते लुटली जात होती आणि माणसेही मारली जात होती. प्रश्न लुटीचा नव्हता, ती लूट ठरवायचा अधिकार कोणाचा याचा होता. समुद्रावर पट्टी कोणी घ्यायची हाच मुळात सार्वभौमत्वाचा वाद आहे. पोर्तुगीज तेच करीत तेव्हा त्याला परवाना म्हणत.

1820 च्या जानेवारीपासून एकामागून एक शेखांनी ज्या तहावर सही केली, त्यात लूटमार बंद करण्याचे कबूल करून घेतले होते. प्रत्येक गलबताने पांढऱ्या किनारीतले लाल निशाण लावावे, शेखाच्या सहीचा कागद जवळ बाळगावा, अशी कलमे होती. माणसे पकडून गुलाम म्हणून नेणे हीसुद्धा चाचेगिरीच समजावी, असेही एक कलम होते. तहाचा अरबी मसुदा ज्याच्या हातचा, तो कॅप्टन पेरोनेट टॉम्सन पुढे त्याच वर्षी बनी बू अलीकडून सपाटून हरला आणि मुंबईत त्याच्यावर लष्करी खटला चालला. तह मात्र टिकला. मोत्यांच्या हंगामात पाणबुडे समुद्रात असताना किनाऱ्यावर मारामाऱ्या झाल्या तर साऱ्यांचेच पोट बुडते, हे ओळखून 1835 मध्ये सॅम्युएल हेनेल या इंग्रज अधिकाऱ्याने हंगामापुरता समुद्री तह घडवून आणला. शेखांना तो सोयीचा वाटला म्हणून दरसाल वाढवला गेला. 1843 मध्ये तो दहा वर्षांचा झाला, 1853 मध्ये कायमचा.

या तहांतली एक गोष्ट पुन्हा पुन्हा ध्यानात ठेवावी लागेल. त्यांचा सारा अंमल पाण्यावर होता. जमिनीवर शेखाने शेजाऱ्याशी भांडावे, उंट पळवावेत, भावाला गादीवरून उतरवावे, इंग्रजांना त्याचे सोयरसुतक नव्हते. तैनाती फौज ठेवली नाही, सारा घेतला नाही, दिवाण नेमला नाही. बडोद्यात किंवा साताऱ्यात रेसिडेंट दरबारात बसत असे. इथला रेसिडेंट बसत असे समोरच्या इराणी किनाऱ्यावर, बूशहरला, आणि अरब किनाऱ्यावर त्याचा एखादा देशी एजंट: कधी बनिया, कधी इराणी वा अरब व्यापारी. फुकटात मिळत असेल तेवढेच राज्य करायचे, हे धोरण उदारपणातून आलेले नव्हते. मुंबई सरकारचा खजिना सांभाळणाऱ्यांना वाळूत पैसा पुरायचा नव्हता.

मग आले इतर दावेदार. त्यांचे दावे वाचताना एक गंमत लक्षात येते की प्रत्येक साम्राज्य मालकीचा निराळा पुरावा पुढे करते. इराणचा दावा आठवणीवर उभा होता. बहरीन सफवी शाहांच्या काळापासून इराणचे, 1783 मध्ये अल-खलिफा घराण्याने ते घेतले म्हणून मूळ हक्क बुडत नाही. ऑटोमन सुलतान खलिफा, म्हणून सुन्नी अरबांचा स्वाभाविक स्वामी. शिवाय बसरा त्याचा सुभा, आणि कुवेत बसऱ्याच्या ओसरीतच. नज्दच्या सौदी घराण्याचा हिशेब सरळ होता: जो आम्हाला जकात देतो तो आमचा. इंग्रजांकडे यांपैकी काहीच नव्हते. त्यांच्याकडे होते कागद आणि गलबते. परंतु त्यांनी 'हा किनारा आमचा' असे कधी म्हटलेच नाही, आणि त्यांच्या डावाचे मर्म नेमके तिथे होते. जे आपले म्हणून सांगितले नाही त्याचा खर्चही करावा लागत नाही, त्याबद्दल कोणाला जाबही द्यावा लागत नाही.

या चौघांच्या मध्ये शेख काय करीत होते? जुन्या इंग्रजी ग्रंथांत ते प्यादी म्हणून येतात, नव्या राष्ट्रवादी ग्रंथांत वीरपुरुष म्हणून. कागद वाचताना मला दिसले ते चतुर, गरजवंत, पुष्कळदा निर्दय असे कुटुंबप्रमुख, ज्यांना आपल्या दाराशी उभा राहणारा प्रत्येक बडा पाहुणा दुसऱ्या पाहुण्याविरुद्ध कसा वापरावा हे पुरते ठाऊक होते. 1860 च्या सुमारास बहरीनच्या शेख मुहम्मद बिन खलिफाने फार्सच्या इराणी सुभेदाराला आणि बगदादच्या ऑटोमन वालीला, दोघांनाही, आपण तुमच्या छत्राखाली येतो अशी पत्रे पाठवली. दोघांचेही वकील अटी घेऊन बेटावर आले. इंग्रजांनी 1861 मध्ये त्याच्याशी नवा करार करून हा खेळ थांबवला.

कतारची कथा याहून रंगतदार आहे. 1867 मध्ये बहरीन आणि अबू धाबीच्या शेखांनी मिळून दोहा आणि वकरा लुटले. इंग्रज रेसिडेंट लुइस पेली याने दुसऱ्या वर्षी मध्यस्थी केली आणि दोह्याच्या मुहम्मद बिन थानीशी करार केला. तोवर बहरीनची शेपटी समजल्या जाणाऱ्या कतारला स्वतंत्र कागद मिळाला, तो असा. तीन वर्षांनी बगदादचा वाली मिधत पाशा याने कतारशेजारच्या अल-हसामध्ये फौज उतरवली. तिचे निशाण दोह्यात आले तेव्हा मुहम्मदचा मुलगा जासिम याने ते आनंदाने उभारले, आणि म्हाताऱ्या बापाच्या घरावर मात्र इंग्रजांच्या तहातले अरब निशाण फडकत राहिले. एका गावात, एकाच घराण्यात, दोन साम्राज्ये! याला बापलेकांचे भांडण समजणे भाबडेपणाचे होईल. मला ती वाटणी वाटते. पुढे जासिमला ऑटोमन कायमकामाचा, म्हणजे परगण्याच्या अधिकाऱ्याचा, किताब मिळाला. पण किताबापाठोपाठ जकातनाका आणि ठाण्यातले शिपाई येऊ लागले तेव्हा 1893 च्या मार्चमध्ये अल-वजबाला त्याने बसऱ्याच्या वालीच्या फौजेचा पराभव केला. आणि तरीही ऑटोमनांशी संबंध तोडले नाहीत. दोह्यातले छोटे ऑटोमन ठाणे 1915 पर्यंत तसेच होते. ते हलल्यावर, 1916 च्या नोव्हेंबरात, जासिमच्या मुलाने इंग्रजांशी करार केला.

मधल्या काळात इंग्रजांच्या करारांचे रूप पालटले. 1887 मध्ये इराणने सिर्री बेटावर निशाण रोवले आणि त्याचा एजंट अरब किनाऱ्यावर फिरू लागला. फ्रेंचही घिरट्या घालत होते. म्हणून, 1880 मध्ये बहरीनकडून घेतले होते त्याच धर्तीवर, 1892 मध्ये तहबंद किनाऱ्याच्या, म्हणजे 1853 च्या कायमच्या तहात बांधलेल्या, शेखांकडून जे लिहून घेतले गेले, त्याची सारी कलमे नकाराची आहेत. इंग्रज सरकारखेरीज कोणत्याही सत्तेशी करार किंवा पत्रव्यवहार करणार नाही. इंग्रजांच्या संमतीशिवाय परक्या सरकारचा माणूस राहू देणार नाही. आपल्या मुलखाचा कोणताही तुकडा दुसऱ्याला देणार नाही, विकणार नाही, गहाण टाकणार नाही. इंग्रज काय करतील याबद्दल मात्र अक्षर नाही, संरक्षणाचे वचनसुद्धा नाही. हे करार मंजूर करणारा व्हाइसरॉय होता लॅन्सडाउन. अकरा वर्षांनी, 1903 च्या मे महिन्यात, परराष्ट्रमंत्री म्हणून लॉर्ड सभेत उभे राहून त्यानेच जाहीर केले की आखातात कोणत्याही सत्तेने आरमारी तळ वा तटबंदीचे बंदर उभारले तर इंग्लंड सर्व सामर्थ्यानिशी विरोध करील. त्याच साली नोव्हेंबरात कर्झन स्वतः आरमार घेऊन आला आणि शारजासमोर आर्गोनॉट जहाजावर शेखांचा दरबार भरवला. मात्र बूशहरला इराणी अधिकाऱ्यांशी मानपानावरून बिनसले आणि व्हाइसरॉय किनाऱ्यावर न उतरताच परतला. या प्रदेशात मानपान ही फालतू बाब नव्हती. कोण कोणाला आधी भेटायला जातो यावरच मालक कोण हे ठरत असे.

कुवेतला मी या पुस्तकात सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण मुबारक अल-सबाहसारखे पात्र कादंबरीकाराला सुचले असते तरी त्याने ते अतिरंजित म्हणून सोडून दिले असते. 1896 च्या मे महिन्यात दोन भावांचा खून करून तो गादीवर आला. मारलेल्या भावांची मुले बसऱ्याला जाऊन ऑटोमनांकडे दाद मागू लागली. मुबारकने इस्तंबूलशी संधान बांधून 1897 मध्ये कायमकाम म्हणून मान्यता मिळवली आणि त्याच काळात इंग्रजांकडेही संरक्षण मागितले. इंग्रजांनी आधी नकार दिला. मग जर्मन रेल्वे बगदादवरून कुवेतच्या उत्तम बंदरापर्यंत येणार अशी कुणकुण लागली, रशियाच्या हेतूंविषयीही शंका होत्या, आणि कर्झन व्हाइसरॉय म्हणून रुजू झाला. 23 जानेवारी 1899 रोजी रेसिडेंट माल्कम मीड याने मुबारककडून गुप्त करारावर सही घेतली. मोबदला 15000 रुपये. पुढच्याच महिन्यात हा मीड आणि एक इंग्रज अॅडमिरल मस्कतसमोर उभे होते. सुलतानाने फ्रेंचांना कोळशाच्या वखारीसाठी जागा दिली होती. ती परत घेतली नाही तर राजवाड्यावर तोफा डागू, असा निरोप त्याला गेला. मस्कतचा वाद पुढे हेगच्या लवादापुढे गेला आणि ओमानातल्या सूरच्या गलबतांना फ्रेंच निशाण लावता येते का यावर 1905 मध्ये निवाडा झाला. तो प्रसंग या पुस्तकात थोडक्यात येतो, त्याला स्वतंत्र पुस्तकच हवे.

1900 च्या आरंभी जर्मन शिष्टमंडळ रेल्वेच्या जागेची चौकशी करीत कुवेतला आले. मुबारकने त्यांचे आदरातिथ्य केले आणि जमीन दिली नाही. 1901 मध्ये ऑटोमन जहाज झुहाफ सैनिक घेऊन आले तेव्हा पर्सिअस या इंग्रज युद्धनौकेने त्याला उतरू दिले नाही. इतके होऊनही मुबारक ऑटोमन निशाण लावत राहिला. त्याचे कारण नकाशावर फाव या ठिकाणी सापडते. तिथे, ऑटोमन हद्दीत, मुबारकच्या खासगी मालकीच्या खजुराच्या बागा होत्या आणि त्यांचे उत्पन्न त्याला सोडवत नव्हते. सार्वभौमत्वाची चर्चा करणाऱ्या विद्वानांनी खजुराच्या बागांकडे जरा जास्त लक्ष दिले असते तर बरे झाले असते. 1914 मध्ये महायुद्ध पेटल्यावर इंग्रजांनी त्याला जे लिहून दिले त्यात कुवेत हे इंग्रज संरक्षणाखालचे स्वतंत्र सरकार असे एक वचन होते, आणि बागा करमुक्त राहतील असे दुसरे. मुबारकच्या लेखी यातले मोठे वचन कोणते, सांगणे कठीण आहे.

1899 आणि 1914 च्या या दोन कागदांच्या मधला एक तिसरा कागद पुढे फार महाग पडला. 29 जुलै 1913 रोजी इंग्लंड आणि ऑटोमन साम्राज्य यांनी लंडनमध्ये एक करार केला. त्यात ऑटोमनांनी बहरीन आणि कतारवरचा दावा सोडला आणि कुवेत हा ऑटोमन साम्राज्याचा स्वायत्त परगणा असल्याचे इंग्लंडने मान्य केले. मुबारकला आधी कोणी विचारले नाही. युद्ध सुरू झाल्याने कराराला कधीच मंजुरी मिळाली नाही. पण न झालेल्या कराराचेही भूत होते. कुवेत बसऱ्याचा भाग होता हे म्हणणे ऑटोमनांचा वारस म्हणून इराकने उचलले. 1961 च्या जूनमध्ये कुवेत स्वतंत्र झाल्यावर आठवड्याच्या आत जनरल कासिमने ते बोलून दाखवले, आणि 1990 च्या ऑगस्टमध्ये सद्दाम हुसेनने त्यावर रणगाडे चालवले.

आता थोडे मुंबईविषयी, कारण हा संबंध अलंकारिक नाही. बूशहरची रेसिडेन्सी 1873 पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होती, त्यानंतर हिंदुस्थान सरकारच्या. बहरीनमध्ये परकीयांवर इंग्रज न्यायाधिकार लागू झाला तेव्हा बेट जणू मुंबई इलाख्याचा एक जिल्हा आहे असे मानून कायदे लावले गेले आणि अपील मुंबई उच्च न्यायालयात जात असे. मोती मुंबईच्या बाजारात येत आणि इथून युरोपात जात. कुवेत-बहरीनच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या. दुबईत 1909 मध्ये उघडलेले टपालघर हिंदी टपाल खात्याचे. चलन रुपया, तोही इतका पक्का रुजलेला की हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावरही तोच चालू राहिला. सोन्याच्या चोरट्या व्यापाराने भारताची गंगाजळी गळू लागली म्हणून 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. 1966 च्या अवमूल्यनानंतर कतार आणि तहबंद किनाऱ्याने रुपयाला रामराम ठोकला. म्हणजे या शेखांचे बाहेरचे सार्वभौमत्व ज्या साम्राज्याने बांधून घातले होते त्याचे रोजचे तोंड लंडनचे नव्हते, हिंदुस्थानचे होते. जेम्स ऑन्ली यांनी याला ब्रिटिश राजची अरबी सरहद्द म्हटले ते योग्यच आहे. 1947 मध्ये आखाताचा कारभार दिल्लीच्या हाती न देता लंडनने स्वतःकडे घेतला. कोल्हापूर-सावंतवाडी आणि शारजा-दुबई यांच्या वाटा नेमक्या इथे कायमच्या फुटल्या. आखातातली ही ठाणी कधी 'ब्रिटिश हिंदुस्थान' म्हणून जाहीरच झालेली नव्हती, त्यामुळे वारसाहक्काचा प्रश्न कोणी काढला नाही.

तेलाने वाद पाण्यावरून जमिनीवर आणला. 1913 ते 1922 या वर्षांत शेखांकडून आणखी एक नकार लिहून घेतला होता: इंग्रजांच्या पसंतीशिवाय तेलाचा मक्ता कोणाला देणार नाही. त्यावर अमेरिकनांनी काढलेली तोड झकास होती. कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइलने बहरीनसाठी कॅनडात कंपनी नोंदवली. कॅनडा साम्राज्यातला, म्हणून कंपनी 'ब्रिटिश' झाली, आणि 1932 मध्ये तिलाच तेल लागले. त्यानंतर, आजवर ज्या वाळूत सीमा आखण्याची कोणाला गरज वाटली नव्हती तिथे प्रत्येक विहीर, प्रत्येक खजुरीचे बन कोणत्या शेखाचे हे विचारले जाऊ लागले. 1950 च्या दशकात ज्युलियन वॉकर हा तरुण इंग्रज अधिकारी वाळवंटात फिरून टोळीवाल्यांना विचारत होता की तुम्ही जकात कोणाला देता, आणि त्यावरून अमीरातींच्या सीमा ठरत होत्या. त्यामुळेच आज संयुक्त अरब अमीरातीच्या नकाशावर गोधडीसारखी ठिगळे दिसतात. ओमान आणि अबू धाबी यांच्या सीमेवरच्या बुरैमीच्या मरूद्यानात या नव्या प्रकारच्या भांडणाने टोक गाठले. 1952 मध्ये सौदी अधिकारी तुर्की बिन अताइशान माणसे घेऊन तिथे येऊन बसला. पाठीमागे आराम्को कंपनीने तयार केलेले इतिहासाचे पुरावे होते. जिनिव्हातला लवाद लाचेच्या आरोपांत मोडला आणि ऑक्टोबर 1955 मध्ये इंग्रजी अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेने मरूद्यान परत घेतले. इथे दोन साम्राज्ये समोरासमोर होती, फक्त एकाचे नाव कंपनी होते. यावरचे प्रकरण लांबले आहे, याची मला कल्पना आहे.

शेवट ज्या झपाट्याने आला तो पाहिला म्हणजे दीडशे वर्षांच्या खटाटोपाबद्दल आश्चर्य वाटते. 1968 च्या जानेवारीत हॅरोल्ड विल्सनच्या सरकारने 1971 अखेर निघून जाण्याचे जाहीर केले. अबू धाबीच्या शेख झायेदने सैन्याचा खर्च आपण देऊ असे सुचवून पाहिले. लंडनने ऐकले नाही. बहरीनवरचा इराणचा दावा, जो 1957 मध्ये बहरीनला चौदावा प्रांत जाहीर करण्यापर्यंत गेला होता, तो सोडवण्यासाठी राष्ट्रसंघाचे प्रतिनिधी विन्स्पियर ग्विच्चार्दी 1970 मध्ये बेटावर आले. मतदान घेतले नाही. संस्था, मंडळे, लोक यांच्याशी बोलून त्यांनी कळवले की प्रचंड बहुमत स्वतंत्र राज्याच्या बाजूचे आहे. त्या वर्षी 11 मे रोजी सुरक्षा परिषदेने ते मान्य केले आणि शाहने दावा सोडला. मोठ्या दाव्यांपैकी एवढाच एक दावा इतक्या शांतपणे मिटला. मात्र त्याची भरपाई अन्यत्र घेतली गेली. 30 नोव्हेंबर 1971 रोजी, इंग्रजांचे करार संपायच्या आदल्या दिवशी, इराणी सैन्य मोठ्या आणि छोट्या तुंब बेटांवर आणि, शारजाशी झालेल्या समझोत्यानुसार, अबू मूसावर उतरले. मोठ्या तुंबवर रास अल-खैमाचा एक पोलीस मारला गेला. इराण आजही पुराव्यात जो नकाशा दाखवतो तो इंग्रजांच्याच युद्धखात्याचा आहे. त्यात ही बेटे इराणच्या रंगात रंगवलेली होती, आणि 1888 मध्ये इंग्रज वकिलाने तो शाहला भेट दिला होता. ज्यांनी शेखांकडून अक्षर अन् अक्षर लिहून घेताना डोळ्यात तेल घातले, त्यांचे स्वतःच्या रंगपेटीकडे लक्ष नव्हते.

पुस्तकाच्या मर्यादा सांगून ठेवतो. मस्कत आणि ओमान इथे फक्त संदर्भापुरते आहे. त्याचे आफ्रिकेतले साम्राज्य हा निराळाच विषय. एडनही वगळले आहे, 1932 पर्यंत ते मुंबई इलाख्यातच असले तरी. हुकूमत आणि करार यांच्या कथेत ज्यांचा आवाज येत नाही ते पाणबुडे, गुलाम आणि बायका यांच्यासाठी शेवटून दुसरे प्रकरण राखले आहे. ते मला हवे होते तेवढे मोठे झाले नाही, कारण रेसिडेंटच्या दप्तरात ही माणसे बहुधा तक्रारदार किंवा मुक्तीचा दाखला मागणारे म्हणूनच येतात. या पाण्याच्या नावावरूनही इराणी आणि अरब यांच्यात वाद आहे, म्हणून मी सर्वत्र नुसते 'आखात' लिहिले आहे. अरबी नावे मराठीत जशी रुळली आहेत तशी ठेवली आहेत. दुबईतल्या किंवा मस्कतमधल्या मराठी वाचकाला तिथला उच्चार वेगळा ऐकू येत असेल, तर त्याने तो मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यावा. पहिले प्रकरण 1798 च्या कौलनाम्यापासून सुरू होते आणि पुस्तक 10 फेब्रुवारी 1972 ला थांबते. तुंब बेटे परत मिळवता आली नाहीत आणि एकट्याने राहणेही जमेना, तेव्हा रास अल-खैमाने त्या दिवशी बाकीच्या सहा अमीरातींच्या संघात प्रवेश केला.